गाडीची गरम होणारी सीट बंद पडली? गादी बदलण्याआधी तुटलेली तार शोधा

परभणीत गाडीला गरम सीट कशाला, असं मला अनेकांनी विचारलंय. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जाणाऱ्या गावात हा प्रश्न साहजिकच आहे. पण डिसेंबर-जानेवारीत याच परभणीत पारा ५ अंशांच्याही खाली उतरल्याच्या बातम्या येतात. अशा थंडीत पहाटे पाचला निघायचं, जिंतूर, मंठा, जालना करत संभाजीनगरचा दवाखाना गाठायचा, आणि शेजारच्या सीटवर मणक्यात गॅप असलेली आई. कंबरेला ऊब मिळाली की ती जालन्यापर्यंत न थांबता येते. नाही मिळाली की मंठ्यातच म्हणते, "बाळा, थांब जरा, उतरून उभी राहते."

आमची सेडान जुनी, सेकंडहँड घेतलेली. पुढच्या दोन्ही सीट गरम व्हायच्या. दुसऱ्या हिवाळ्यात आईच्या बाजूची बंद पडली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, हीटरची तार सुटी मिळत नाही, बैठकीची गादी कव्हरसकट बदलावी लागेल, ३८ हजार अधिक मजुरी. मी गाडी परत आणली आणि दोन रविवार त्यात घातले. बिघाड निघाला तो गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत. मला एकूण खर्च आला १,७२० रुपये, आणि त्यातली बरीचशी हत्यारं आता कायमची घरात आहेत.

हे काम अवघड नाही, पण एका बाबतीत धोक्याचं आहे: बहुतेक अशा सीटमध्ये एअरबॅग असते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. तेवढा भाग वाचल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका.

आत नेमकं काय असतं

कव्हर आणि फोम यांच्यामध्ये कापडावर किंवा फेल्टवर नागमोडी शिवलेली, नाहीतर चिकटवलेली एक बारीक तार असते. शेगडीच्या कॉइलसारखंच तत्त्व, फक्त १२ व्होल्टवर आणि खूप कमी तापमानाला. बैठकीत एक चटई, पाठीत एक. काही गाड्यांत या दोन्ही एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात, काहींत स्वतंत्र. नव्या पद्धतीच्या चटयांमध्ये धातूच्या तारेऐवजी कार्बनचे धागे असतात. चटईतच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. सीट पुरेशी तापली की तो कंट्रोल युनिटला कळवतो आणि करंट थांबतो.

आमच्या गाडीतल्या चांगल्या सीटचा रेझिस्टन्स, म्हणजे तारेचा करंटला होणारा अडथळा, २.५ ओहम भरला. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे ५.६ अँपिअर करंट आणि ७८ वॅटच्या आसपास उष्णता. जुन्या पिवळ्या बल्बइतकी ही ताकद, पण ती पूर्ण सीटभर पसरलेली. हा २.५ चा आकडा लक्षात असू द्या, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. तो कुठल्या पुस्तकात शोधत बसू नका, शेजारची चालू सीट मोजा. दोन्ही सीटमध्ये तीच चटई असते.

तार तुटते कशाने? बहुतेक वेळा गुडघ्याने. मागच्या सीटवरची पिशवी काढायला आपण पुढच्या सीटवर गुडघा टेकून वाकतो, तेव्हा सगळं वजन वीतभर जागेवर येतं. दुसरी जागा म्हणजे दरवाजाकडची उंच कड. चढता-उतरता मांडी तिथेच घासते. आणि तिसरं कारण आपल्याकडचं खास: उंदीर. सोयाबीन-तुरीच्या दिवसांत गाडीतून पोती न्यायची, दाणे सांडलेले तसेच, आणि गाडी उभी गोठ्याशेजारी. मग कार्पेटखालची वायरिंग उंदरांना आयतीच सापडते.

सीट न उघडता पहिला तास

इंजिन चालू करूनच तपासा. बऱ्याच गाड्या इंजिन बंद असताना किंवा बॅटरी उतरलेली असताना सीटला करंट देतच नाहीत, आणि माणूस उगाच सीट फाडायला बसतो. गाडी उघड्यावर उभी करा, बंद शेडमध्ये नको.

दोन्ही सीट एकदम मेल्या असतील तर चटईवर संशय घेऊ नका, आधी फ्यूज आणि अर्थची तार बघा. एकच मेली असेल तर बटण, सीटखालचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) किंवा चटई. बटणाचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझत असेल, तर कंट्रोल युनिटला तार किंवा सेन्सर तुटलेला दिसतोय. आमचं हेच झालं होतं. बसल्या जागी हललं की सीट कधी गरम, कधी थंड होत असेल तर सैल कपलर किंवा अर्धवट तुटलेली तार समजा. आणि एकाच जागी चटका बसत असेल तर त्या क्षणापासून ते बटण दाबू नका, फ्यूज काढून ठेवा. तिथे कपडा किंवा फोम जळू शकतो.

फ्यूज मॅन्युअलमध्ये बघून शोधा, बहुधा १५ ते २५ अँपिअरचा असतो. उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा नवा एकदाच घाला. तोही उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि शॉर्ट सापडेपर्यंत तिसरा घालायचा नाही. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा तर मुळीच नाही.

मग सीट पूर्ण मागे, मग पूर्ण पुढे सरकवून टॉर्चने खाली बघा. सीट ज्यावर सरकते त्या रेलवर वायरिंग घासलंय का, प्लास्टिक वितळलंय का, तारेवर दातांच्या खुणा आहेत का. इथे पिवळा कपलर किंवा पिवळ्या नळीतली वायर दिसेल. ती एअरबॅगची. तिला या टप्प्यावर हात लावायचा नाही, मल्टिमीटरची (व्होल्ट-ओहम मोजायच्या मीटरची) पिन तर कधीच लावायची नाही. मीटर स्वतः थोडा करंट सोडतो आणि एअरबॅगचा स्फोटक भाग पेटायला फार करंट लागत नाही.

हीटरच्या कपलरमध्ये साधारणपणे दोन जाड वायर असतात, त्या तापवण्याच्या, आणि दोन बारीक, त्या सेन्सरच्या. गाडी बंद करा, फक्त हाच कपलर सोडवा आणि चटईच्या बाजूला जाड वायरींवर मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा. त्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा. स्वस्त मीटर तेव्हाही ०.३ किंवा ०.४ दाखवतो. तो आकडा प्रत्येक मोजमापातून वजा करायचा. एरवी हे कोणी करत नाही आणि चालूनही जातं, पण आपण मोजतोय दोन-अडीच ओहम, तिथे एवढा फरक चालत नाही.

चालू सीटवर २.५ आणि बंद सीटवर मीटर 'ओएल' किंवा नुसता डावीकडचा १ दाखवत असेल, तर तार तुटलेली आहे हे नक्की झालं. बारीक वायरींचा सेन्सर बहुतेक गाड्यांत तापमानाबरोबर रेझिस्टन्स कमी होणारा असतो, खोलीच्या तापमानाला अनेकदा १० किलोओहमच्या आसपास. त्याचीही शेजारच्या सीटशी तुलना करा. दोन्ही सारखे असले की सेन्सर ठीक.

चटईचा रेझिस्टन्स बरोबर आला तर दोष बाहेर आहे. कपलर जोडा, इंजिन चालू करा, कपलरच्या मागच्या बाजूने जाड वायरींवर व्होल्ट बघा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. बटण दाबतानाच मीटरवर नजर हवी, कारण कंट्रोल युनिटला काही खटकलं तर ते करंट काही सेकंदांतच तोडतं. व्होल्ट येतच नसतील तर बटण किंवा कंट्रोल युनिट. ते काम ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या, त्याला गाडीच्या कंट्रोल युनिटमधला बिघाड वाचणारा स्कॅनर लागतो. व्होल्ट येतात, चटईही चांगली, तरी सीट गार, असं असेल तर कपलरच्या पिना काळ्या-हिरव्या पडल्यात का बघा. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा, दोनदा घालून-काढून पुन्हा जोडणं, बस. अनेकांचं काम इथेच संपेल.

बॅटरी आणि पिवळा कपलर

सीट बाहेर काढायची ठरली तर क्रम असा ठेवा. सीट विजेवर सरकणारी असेल तर आधीच ती अशा जागी आणा की पुढचे-मागचे चारही बोल्ट हाताशी येतील. बॅटरी काढल्यावर ती हलणार नाही. काही जुन्या गाड्यांत रेडिओला कोड लागतो, तो लिहून ठेवा. मग चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, टोक कापडात गुंडाळा आणि किमान १५ मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज या वेळात उतरते. मी चहा करून प्यायलो आणि मगच हात लावला.

त्यानंतर गाडीच्या उघड्या लोखंडाला एकदा स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवा आणि पिवळा कपलर सोडवा. तो पुन्हा जोडेपर्यंत इग्निशन चालू करायचं नाही. केलंत तर एअरबॅगचा दिवा लागून राहील आणि तो बहुतेक गाड्यांत स्कॅनरशिवाय जात नाही.

शेजारच्या प्रवाशाच्या सीटमध्ये आणखी एक चटई असते: माणूस बसलाय का हे ओळखणारी. सीटबेल्टचा आवाज तिच्यामुळे येतो, आणि काही गाड्यांत एअरबॅग उघडायची की नाही हेही तीच ठरवते. ती वाकवायची नाही, सोलायची नाही, तिच्या वरखाली काहीही नवीन घालायचं नाही.

सीट बाहेर, मग कव्हर

बोल्ट चारच असतात. अनेक युरोपीय गाड्यांमध्ये त्यांच्या डोक्याची खाच सहा टोकांच्या चांदणीसारखी असते, त्याला टॉर्क्स बिट लागतो. साधा गोटी पाना किंवा घासलेला बिट लावलात तर बोल्टचं डोकं गोल होईल. परभणीत मला हवा तो बिट मिळाला नाही, संभाजीनगरात पहिल्याच दुकानात मिळाला. २००१ पासून शहराजवळच्या शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, म्हणून तिथल्या दुकानदारांना ही हत्यारं नवी नसावीत.

हेडरेस्ट काढा, वजन कमी होतं. सीट उचलायला दोन माणसं हवीत. रेलच्या धारदार टोकांना जुनं कापड बांधा, नाहीतर दरवाजाच्या पट्टीवर ओरखडा ठरलेला. प्रत्येक कपलर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मी २३ काढले आणि जोडताना त्यातले सगळे लागले.

सीट ओसरीवर जुन्या चादरीवर उलटी ठेवली. बैठक आणि पाठ यांच्यामधला कपलर सोडवून दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या: पाठीचा १.१ ओहम, बैठकीचा ओएल. म्हणजे पाठ उघडायची गरजच नाही. हे मोजमाप नक्की करा, कारण एअरबॅग असते पाठीच्या बाहेरच्या बाजूला, आणि तिकडे न जाणंच सगळ्यात चांगलं. तिथली शिवण मुद्दाम अशी घातलेली असते की एअरबॅग फुगताना ती उसवावी. ती जागा चिकटवू नका, शिवून घेऊ नका. आपल्याकडे नवी गाडी आली की लगेच तिच्यावर जाड रेक्झिनचं घट्ट कव्हर चढवतात. सीटमध्ये एअरबॅग असताना ते कव्हर तिची वाट अडवू शकतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसलं कव्हर असेल तर काढून टाका.

कव्हर काढायच्या कामात मी अडकलो. खालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या ओढल्या की सुटतात, पण मधल्या खोलगट रेषांमध्ये कव्हर काही केल्या निघेना. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत गादीकाम करणाऱ्या चाचांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, ओढू नका. आत कड्या आहेत. एकेक तोडा." फोममध्ये एक जाड तार पुरलेली असते आणि कव्हरच्या आतली तार तिला लोखंडी कड्यांनी बांधलेली असते. त्या कड्या कटरने तोडायच्या, नव्या घालायच्या. ओढलं असतं तर फोम फाटला असता आणि चटई दुसऱ्या चार ठिकाणी तुटली असती.

चाचांनी आणखी एक गोष्ट करून घेतली. सीट अर्धा तास उन्हात ठेवली. ऊन लागलं की लेदर-रेक्झिन मऊ पडतं, कव्हर सुरकुती न पाडता निघतं आणि परत चढवतानाही ताणलं जातं. थंडीच्या सकाळी हे काम करू नका, दुपारी करा.

काही गाड्यांत चटई कव्हरलाच शिवलेली असते, काहींत फोमला चिकटलेली. चिकटलेली असेल तर पूर्ण सोलून काढू नका. जागच्या जागी दुरुस्त होते.

तुटलेली जागा कशी शोधायची

आधी डोळ्यांनी. तार तुटताना बऱ्याचदा तिथे छोटी ठिणगी पडते आणि कापडावर तपकिरी डाग उरतो, इस्त्रीचा डाग पडतो तसा. पुढच्या काठावर आणि दरवाजाकडच्या कडेवर आधी बघा. तिथून अंगठ्याने तार दाबत पुढे जा. तुटलेल्या ठिकाणी ती जरा जास्त सहज वाकते.

डोळ्यांना सापडलं नाही तर मीटरवर काम. मीटरची एक पिन तारेच्या सुरुवातीच्या टोकाला क्लिपने अडकवा. दुसऱ्या पिनेला शिवणकामाची सुई बांधा. सुई तारेच्या मध्यावर, इन्सुलेशनच्या आत हलकेच टोचा. मीटरने आकडा दाखवला तर इथपर्यंत तार सलग आहे, म्हणजे दोष पुढच्या अर्ध्यात. ओएल दाखवलं तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा मध्य, मग त्याचा मध्य. पाच-सहा टोचण्यांत बोटभर जागेवर येता. सुरुवातीपासून इंच-इंच टोचत गेलात तर वेळही जाईल आणि तारेला विनाकारण भोकंही पडतील. प्रत्येक टोचलेल्या जागी नंतर हीटरला चालणाऱ्या कापडी टेपचा छोटा तुकडा लावा.

एक सावधगिरी. तार इनॅमलच्या लेपाची असेल तर सुई वरून टेकवून कळत नाही, ती लेपाच्या आत गेली पाहिजे. आकडा येत नाही म्हणून तार तुटली असं समजण्याआधी सुई जरा सरकवून पुन्हा बघा. या चुकीमुळे माझा पाऊण तास गेला.

आमची तार पुढच्या काठापासून चार बोटं आत तुटलेली होती. आई बसताना हात टेकते, बरोबर तिथे.

जोड

इथे बहुतेक जण सोल्डरिंग आयर्न काढतात. माझं मत स्पष्ट आहे, या तारेला सोल्डर नको. सीटवरची तार रोज शेकडो वेळा वाकते. सोल्डर बारीक तारांच्या आत शोषला जातो, तेवढी जागा काडीसारखी ताठ होते आणि त्या काडीच्या शेजारीच तार पुन्हा तुटते. शिवाय काही हीटर तारांचा धातू सोल्डर धरतच नाही. दाबून बसवलेला जोड चांगला.

दोन्ही टोकं साधारण ८-१० मिलिमीटर सोला. इनॅमल असेल तर बारीक पॉलिश पेपरने हळूच घासा, चकाकी दिसेपर्यंत. सगळ्यात बारीक मापाची तांब्याची नळी घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात जॉइंटर किंवा फेरूल म्हणून मिळते. आधी तारेत हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी नळी) ओवा, नंतर विसरायला होतं. दोन्ही बाजूंनी तार नळीत घाला, क्रिम्पिंगच्या पकडीने दोन ठिकाणी दाबा, हलकं ओढून बघा. निसटली नाही की स्लीव्ह सरकवून गरम हवेने बसवा. लायटरची ज्योत फोमजवळ नेऊ नका, फोम पटकन पेट घेतो आणि धूर विषारी असतो. वरून कापडी टेप. साधी काळी प्लास्टिकची टेप इथे कामाची नाही. आपल्या उन्हाळ्यात बंद गाडीत तिचा डिंक पाघळून ती सुटून येते.

टोकं जळून आखूड झाली असतील तर मध्ये तांब्याच्या लवचीक वायरचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा घालून दोन जोड करा. एवढ्याने फरक पडत नाही. पण नागमोडीतला एखादा पूर्ण फेरा वगळून 'शॉर्टकट' जोड देऊ नका. हिशोब करून बघा: तारेचा दहावा भाग गाळला तर २.५ चे २.२५ ओहम होतात, करंट ५.६ वरून ६.२ अँपिअर. उरलेल्या तारेच्या प्रत्येक इंचावर उष्णता जवळपास सव्वापट. जिथे आधी ऊब होती तिथे चटका बसायला लागतो. म्हणूनच दुरुस्तीनंतरचा आकडा शेजारच्या सीटच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. आमचा बैठकीचा १.४ आणि पाठीचा १.१, मिळून २.५.

चटई कार्बनच्या धाग्यांची असेल, किंवा डाग तळहाताएवढा असून फोमही जळालेला असेल, तर जोड देत बसू नका. चटई बदला.

कव्हर चढवण्याआधी

चटई उघडी असतानाच, पण बैठक-पाठ एकापाठोपाठ एक असतील तर पाठीचा कपलर जोडून, चाचणी घ्या. वेगळी १२ व्होल्टची बॅटरी, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज, आणि जास्तीत जास्त दोन मिनिटं. या पद्धतीत सेन्सर मध्ये येत नाही, म्हणजे थांबवणारं कोणी नाही. तुम्हीच थांबवायचं, जागेवरून उठायचं नाही. तळहात सगळीकडे फिरवा. ऊब सारखी पसरली पाहिजे, जोडावर वेगळा गरमपणा जाणवता कामा नये. जोडच गरम लागला तर तो नीट दाबला गेलेला नाही. कापून पुन्हा करा.

मग कव्हर. चाचांनी नव्या कड्या घातल्या. घरी करायचं तर केबल टाय चालतात, पण टायचं तोंड खाली, फोमच्या बाजूला वळवा आणि शेपूट अगदी मुळाशी कापा, बसणाऱ्याला टोचू नये. कव्हर मधल्या रेषेपासून कडेकडे चढवत या.

सीट गाडीत ठेवल्यावर सगळे कपलर जोडा, पिवळ्याचा 'टक' आवाज ऐका, त्यानंतर बोल्ट. हे बोल्ट अपघातात माणसाला धरून ठेवतात, म्हणून नुसत्या अंदाजाने आवळू नका. मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क एखाद्या गॅरेजमध्ये टॉर्क पान्याने लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. बॅटरी सगळ्यात शेवटी. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. प्रवाशाची सीट असेल तर एकाला बसवून बेल्टचा आवाज येतो का, तेही बघा. दिवा विझला नाही तर स्कॅनर लावून घेईपर्यंत त्या सीटवर कोणाला बसवू नका.

चटईच बदलायची असेल तर

बाजारात कार्बनच्या धाग्यांच्या तयार चटया किटमध्ये मिळतात: दोन चटया, बटण, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), वायरिंग. ड्रायव्हरच्या सीटसाठी हा मार्ग चांगला आहे. प्रवाशाच्या सीटमध्ये माणूस ओळखणारी यंत्रणा असेल तर मी हे किट घालणार नाही, आणि तुम्हीही घालू नये. किट घेताना तापमान थांबवणारा थर्मोस्टॅट चटईतच आहे ना, हे विचारा. नसेल तर घेऊ नका. चटईला घडी घालायची नाही, आणि कापायची तर सूचनेत दाखवलेल्या बाजूनेच. करंट सरळ बॅटरीवरून घ्या, बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज ठेवा आणि रिले इग्निशनवर चालेल असा जोडा, म्हणजे गाडी बंद केली की सीटही बंद. लायटरच्या सॉकेटवरून फाटा काढणं सोपं वाटतं, पण त्या वायरी या कामासाठी ठेवलेल्या नसतात.

माझा खर्च असा झाला: मल्टिमीटर ४५०, टॉर्क्स बिटांचा सेट ३५०, काँटॅक्ट क्लीनर २५०, जॉइंटर-स्लीव्ह-टेप १२०, कड्या ५०, चाचांची मजुरी ५००. ते ३०० मागत होते, पण दोन तास बसून त्यांनी मला शिकवलं होतं.

आईसाठी ठेवलेले नियम

आईला शुगर आहे आणि पायांची संवेदना कमी झालेली आहे. अशा माणसाला चटका बसला तरी कळत नाही. साधारण ४४ अंश तापमानही त्वचेला सलग सहा तास लागून राहिलं तर भाजतं. हाताला ते नुसतं कोमट लागेल. म्हणून आमच्या गाडीत नियम आहे: सर्वांत कमी पायरी, निघाल्यावर १५ मिनिटं, मग बंद, आणि पुन्हा मंठा सोडल्यावर १५ मिनिटं. बटण मी दाबतो, मीच बंद करतो. शुगर, पक्षाघात किंवा पायाला मुंग्या असलेलं घरातलं कोणी सीटवर बसणार असेल तर दुरुस्तीइतकाच हा भाग महत्त्वाचा समजा. सीटवर जाड गोधडी किंवा उशी ठेवून हीटर लावायचा नाही, उष्णता आत कोंडते. लोकरीची पातळ शाल अंगावर, सीटवर नाही.

उंदरांसाठी: सोयाबीन-शेंगा गाडीतून नेल्या की त्याच संध्याकाळी कार्पेटखालपर्यंत व्हॅक्यूम करा, आणि महिन्यातून एकदा सीट पुढे घेऊन टॉर्च मारा. लेंड्या दिसल्या तर हीटर लावण्याआधी वायरिंग बघा.

सीट परत बसवण्याआधी मी बैठकीच्या तळाला पांढऱ्या पट्टीवर लिहून ठेवलंय: बैठक १.४, पाठ १.१, जोड पुढच्या काठापासून चार बोटं आत, आणि तारीख. पुन्हा कधी सीट उघडायची वेळ आली, मी असो की दुसरं कोणी, तर शोध तिथून सुरू करता येईल.